डोक्याला जबर मार: पहिल्या काही तासांत काय ठरतं आणि काय हातात असतं

रातपाळी (धागाकर्ती)

मी मेंदूच्या अतिदक्षता विभागात डॉक्टर आहे. डोक्याला जबर मार लागलेला पेशंट आत आला की बाहेर बसलेल्यांचा पहिला प्रश्न असतो, "वाचेल ना?" जरा वेळाने दुसरा येतो, "पहिल्यासारखा होईल ना?" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पहिल्या रात्री दोन्हींची उत्तरं अर्धवटच देता येतात. पण तेवढी तरी नीट समजून घेता यावीत म्हणून हा धागा काढतेय. कुणाच्या रिपोर्टवरून इथे निदान करणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

मेंदूला इजा दोनदा होते. आदळण्याच्या क्षणी जे फाटलं, चिरडलं, ते होऊन गेलेलं असतं. त्यावर कुणाकडेच इलाज नाही. दुसरी इजा पुढच्या तासांत आणि दिवसांत होत राहते. सूज वाढते, रक्त साकळतं, कवटी काही ताणली जात नाही, त्यामुळे आतला दाब चढतो आणि मेंदूला रक्त कमी पडू लागतं. निरोगी मेंदू बीपी थोडं खाली-वर झालं तरी स्वतःच्या रक्तवाहिन्या सैल-घट्ट करून पुरवठा सांभाळून घेतो. मार लागलेल्या मेंदूला हे बऱ्याचदा जमत नाही. अशात बीपी पडलं किंवा ऑक्सिजन घसरला, तर पहिल्या माराने वाचलेला भागही मरायला लागतो.

आम्ही आल्या आल्या काय पाहतो? वय. मग ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे डोळे उघडणं, बोलणं आणि हातापायांची हालचाल यांची बेरीज. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी हे मोजमाप १९७४ मध्ये मांडलं. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर. १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. त्यानंतर डोळ्यांच्या बाहुल्या. टॉर्च मारल्यावर दोन्ही आकसल्या तर बरं लक्षण. एक मोठी होऊन तशीच राहिली तर सुजलेला मेंदू खाली सरकून डोळ्याकडे जाणारी नस दाबतोय अशी शंका घ्यावी लागते आणि धावपळ सुरू होते. दोन्ही थिजल्या असतील तर धोका फार मोठा. मग सीटी स्कॅन: रक्त कुठे साकळलंय, मेंदूची मधली रेषा सरकली आहे का, तळाशी पाण्याच्या ज्या मोकळ्या जागा असतात त्या दाबल्या गेल्यात का.

यातलं बरंचसं आम्हाला बदलता येत नाही. वय आहे तेच राहणार, मार लागायचा तो लागून गेला. पहिल्या मिनिटापासून हातात असतात त्या दोन गोष्टी, आणि मला खरं बोलायचंय ते त्यांच्याबद्दल.

एक बीपी, दुसरा ऑक्सिजन. १९९३ साली अमेरिकेतल्या ७१७ गंभीर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वरचं बीपी एकदा जरी ९० च्या खाली गेलं असेल तर मृत्यूचं प्रमाण साधारण दुपटीच्या वर गेलेलं दिसलं. पुढे ॲरिझोनातल्या तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. दवाखान्यात पोचायच्या आधी बीपीही पडलं नाही आणि ऑक्सिजनही, त्यांच्यात मृत्यू सुमारे ६ टक्के. फक्त बीपी पडलेल्यांत २१, फक्त ऑक्सिजन पडलेल्यांत २८. दोन्ही पडलेल्यांत ४४. ज्यांचं दोन्ही पडलं त्यांना मुळात मारही जास्त लागलेला असणार, हे खरं. पण तो हिशोब वेगळा काढूनसुद्धा दोन्ही एकत्र पडण्याचा धोका खूप मोठा उरतो.

आणखी एक. मोठ्या माणसात केवळ कवटीच्या आतल्या रक्तस्रावाने बीपी सहसा पडत नाही, कारण तेवढं रक्त मावायला आत जागाच नसते. म्हणून डोक्याला मार आणि बीपी खाली, असं दिसलं की पोट, छाती, कंबरेचं हाड, मांडी, कुठे रक्त जातंय ते शोधायचं. डोक्याच्या कातडीची जखमसुद्धा भरपूर वाहते. सगळ्यांचं लक्ष डोक्याकडे असतं आणि धोका पोटात असतो, असं होतं.

भूमी

ताई, धागा अगदी वेळेवर आला. माझा भाऊ चार दिवस आयसीयूत आहे. आला तेव्हा स्कोअर ६ होता म्हणतात. घरातले म्हणतात १५ पैकी ६ म्हणजे चाळीस टक्के, म्हणजे अगदीच वाईट नाही. हे बरोबर आहे का? आणि आता त्याला श्वासाची नळी घातली आहे, तो बोलूच शकत नाही, मग बोलण्याचे गुण कसे देतात?

रातपाळी

भूमी, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. टक्केवारी अशी काढता येत नाही. हा स्कोअर शून्यापासून सुरू होत नाही, कमीत कमी ३ असतो. काहीच प्रतिसाद न देणाऱ्यालाही डोळ्यांचा १, बोलण्याचा १ आणि हालचालीचा १ मिळतो. तेव्हा ६ हा गंभीर गटातच येतो. पण तो ६ कसा झाला हे बेरजेपेक्षा महत्त्वाचं. सगळ्यात जास्त सांगतो तो हालचालीचा आकडा. सांगितल्यावर बोट हलवतो त्याला ६. दुखवल्यावर हात नेमका तिथे नेऊन आमचा हात ढकलतो त्याला ५. नुसता हात मागे घेतो त्याला ४. हात कोपरात विचित्र वाकतो त्याला ३, ताठ होतो त्याला २. डॉक्टरांना विचारा, "हालचालीचे किती होते, आणि आता किती आहेत?"

नळी असली की बोलण्याचा भाग मोजताच येत नाही आणि तशीच नोंद करतात. शिवाय झोपेचं औषध चालू असताना काढलेला स्कोअर मेंदूचा कमी आणि औषधाचा जास्त असतो. दारू प्यायलेला असेल, नुकतीच फिट येऊन गेली असेल, बीपी पडलेलं असेल, तरी आकडा खाली दिसतो. म्हणून आधी बीपी आणि श्वास सावरायचे आणि मग मिळालेला स्कोअर धरायचा. बाहुल्यांचंही असंच आहे. डोळ्यालाच थेट मार बसला असेल तर बाहुली मोठी दिसते आणि मेंदूचा त्याच्याशी संबंध नसतो.

सारथी

मी अँब्युलन्सवर आहे. ताईंनी बीपी-ऑक्सिजनचं लिहिलंय त्याला माझ्याकडून शंभरदा अनुमोदन. आमच्या हातात असतात तीच मिनिटं मोलाची असतात.

बेशुद्ध माणूस उताणा पडला की जीभ मागे जाते, तोंडात रक्त, उलटी. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर लोक म्हणतात "झोपलाय, श्वास चालू आहे." तो श्वास अडतोय! आम्ही आधी तोंड साफ करतो, सक्शन लावतो, मान न हलवता जबडा पुढे घेतो, ऑक्सिजन देतो. बोटाला लावायच्या यंत्रावर ९० च्या खाली आकडा जाऊच द्यायचा नाही. बघ्यांपैकी कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन पुढे येतंच. कृपा करून तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. मान हलवू नका. डोक्याच्या जखमेतून रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा, पण हाड आत गेल्यासारखं लागलं तर तिथे दाबू नका.

दुसरी गोष्ट आमच्याच लोकांसाठी. पिशवीने श्वास देताना हाताला घाई सुटते. समोर माणूस मरतोय असं वाटतं आणि आपण भराभर दाबत सुटतो. मोठ्या माणसाला मिनिटाला दहाच्या आसपास पुरतात. मोजून द्यायचे. मी तोंडाने आकडे म्हणत दाबतो, मागून बाकीचे बोलत असले तरी.

गणिती

सारथी, जास्त श्वास दिल्याने नुकसान का होतं? ऑक्सिजन जास्त मिळाला तर चांगलंच ना?

रातपाळी

ऑक्सिजन तेवढाच राहतो, पण कार्बन डायऑक्साइड धुऊन निघतो. तो कमी झाला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तपुरवठा घटतो. आधीच उपाशी असलेल्या मेंदूला हे परवडत नाही. एके काळी दाब उतरवायला मुद्दाम भराभर श्वास द्यायचे. दाब उतरायचा खरा, पण रक्तही तुटायचं. आता मेंदू खाली सरकतोय अशी स्पष्ट चिन्हं असतील तरच, तेही थोडाच वेळ आणि पुढचा उपाय हाताशी येईपर्यंत.

सारथी यांच्या कामाचं महत्त्व ॲरिझोनातच दिसलं. तिथे संपूर्ण राज्यातल्या अँब्युलन्सच्या लोकांना तीन गोष्टी शिकवल्या: ऑक्सिजन पडू द्यायचा नाही, बीपी पडू द्यायचं नाही, भराभर श्वास द्यायचा नाही. निकाल २०१९ साली आले. सगळ्या रुग्णांचा एकत्र हिशोब केला तर फारसा फरक नव्हता. पण गंभीर गटात वाचण्याची शक्यता साधारण दुप्पट झाली, आणि ज्या गंभीर रुग्णांना नळी घालावी लागली त्यांच्यात तिप्पट. नवं औषध नाही, नवं महागडं यंत्र नाही. मला या क्षेत्रातली ही सगळ्यात दिलासा देणारी बातमी वाटते आणि ती पुरेशा लोकांपर्यंत पोचलेली नाही.

गणिती

आभार. एक किरकोळ दुरुस्ती, कारण पुढे कुणी हे आकडे उचलेल. दुप्पट-तिप्पट हे 'ऑड्स'चं (वाचलेले भागिले दगावलेले) प्रमाण आहे, थेट टक्क्यांचं नाही. दिशा तीच राहते, पण दहाचे वीस टक्के झाले असा अर्थ घेऊ नये.

आता माझा मूळ मुद्दा. मी डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवतो. डोक्याच्या दुखापतीसाठी अंदाज बांधायची दोन गाजलेली सूत्रं आहेत, 'इम्पॅक्ट' आणि 'क्रॅश', दोन्ही २००८ ची. इम्पॅक्टच्या गाभ्यात तीनच गोष्टी: वय, हालचालीचा स्कोअर, बाहुल्या. त्यात मग ऑक्सिजन, बीपी, सीटी आणि शेवटी रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन मिळवत जातात. क्रॅशमध्ये वय, पूर्ण स्कोअर, बाहुल्या, शरीरात इतरत्र मोठी इजा आहे का, आणि सीटी. हजारो रुग्णांवर बेतलेली, चांगली सूत्रं आहेत.

पण ती गटाबद्दल बोलतात. "सहा महिन्यांत मृत्यूची शक्यता ६० टक्के" याचा अर्थ असा की तुमच्या माणसासारखे शंभर असतील तर साधारण चाळीस जगतात. तुमचा माणूस साठात आहे की चाळिसात, हे सूत्राला ठाऊक नाही. शिवाय ज्या नोंदींवरून सूत्र बांधलं त्यातल्या काहींचे उपचार थांबवले गेले म्हणून मृत्यू झालेला असतो. मग सूत्र म्हणतं "असे रुग्ण मरतात", ते वाचून पुढच्याचेही उपचार थांबवतात, आणि सूत्र पुन्हा खरं ठरतं. हे चक्र धोकादायक आहे.

रातपाळी

गणिती, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. कॅनडातल्या सहा मोठ्या केंद्रांचा अभ्यास २०११ मध्ये आला. गंभीर दुखापतीनंतर झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू जीवरक्षक उपचार काढून घेतल्यानंतरचे होते. केंद्राकेंद्रांत मृत्यूच्या प्रमाणात खूप तफावत होती, सुमारे ११ पासून ४४ टक्क्यांपर्यंत. म्हणूनच मेंदूच्या अतिदक्षतेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सुचवलं की इजा कितीही भयंकर दिसली तरी कायमचा निर्णय घेण्याआधी शक्यतो ७२ तास थांबावं. आधी नीट उपचार करा, बीपी सावरा, झोपेची औषधं उतरू द्या, मग पाहा. मेंदूमृत्यूची गोष्ट अर्थातच वेगळी, ती ठराविक तपासण्या करूनच ठरवतात.

माझं मत विचाराल तर बहात्तर तास ही किमान मर्यादा समजावी. तरुण माणूस असेल आणि सीटीत मेंदूचा देठ (श्वास आणि शुद्ध सांभाळणारा खालचा भाग) वाचलेला दिसत असेल, तर मी आणखी थांबायला सांगते.

केवडा

एक प्रश्न. माझ्या मामांना बऱ्याच वर्षांपूर्वी डोक्याला लागलं होतं तेव्हा सूज उतरायला म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती. आता शेजारच्या मुलाला लागलं तर डॉक्टर नाही म्हणाले. घरच्यांना वाटतंय हयगय चालली आहे.

रातपाळी

हयगय नाही, केवडा. तो डॉक्टर योग्य करतोय, घरच्यांना जरूर सांगा. कितीतरी वर्षं स्टेरॉइड सर्रास द्यायचे, कारण मेंदूतल्या ट्यूमरभोवतीची सूज त्याने उतरते. मग दहा हजारांवर रुग्णांची, वरच्या सूत्राच्याच नावाची 'क्रॅश' चाचणी झाली, निकाल २००४ मध्ये आले. दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू २१ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे औषधाने माणसं जास्त दगावत होती. एवढी मोठी चाचणी झाली नसती तर हे कुणालाच कळलं नसतं, कारण एका दवाखान्यात बसून तीन टक्क्यांचा फरक दिसत नाही.

रक्तस्राव आवरायला ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात, त्याची चाचणी २०१९ मध्ये आली. एकूण निकाल निर्णायक नव्हता. पण मार सौम्य किंवा मध्यम असेल आणि तीन तासांच्या आत दिलं असेल तर डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू कमी दिसले. अगदी गंभीर गटात फायदा दिसला नाही. इथेही वेळेचाच प्रश्न. उशिरा दिलेलं औषध तेच असतं, उपयोग मात्र तोच राहत नाही.

ओसरी

माझ्या सासऱ्यांची गोष्ट लिहिते, कुणाच्या उपयोगी पडली तर. वय ७८, हृदयासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. बाथरूममध्ये पाय घसरून कपाळ आपटलं. टेंगूळ आलं, बाकी ठीक. चहा घेतला, बोलत बसले. आम्ही दवाखान्यात न्यायला निघालो तर तेच रागावले, "एवढ्याशा लागण्याने काय होतंय." तरी नेलं. आधी तपासणीत काही सापडलं नाही, पण गोळ्यांचं ऐकल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सीटी केलाच. त्यात रक्त साकळायला लागलेलं दिसलं. गोळीचा परिणाम उतरवायचं औषध लगेच दिलं, सहा तासांनी पुन्हा स्कॅन केला. ऑपरेशन लागलं नाही. आता घरात हिंडत-फिरत आहेत.

रातपाळी

ओसरी, ही नोंद प्रत्येक घरातल्या थोरा-मोठ्यांनी वाचायला हवी. वय आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, दोन्ही एकत्र आले की "एवढंसं लागलं" असं काही नसतं. वयानुसार मेंदू थोडा आकसतो. मेंदू आणि त्याचं आवरण यांच्यामधल्या शिरा ताणल्या जातात, साध्या धक्क्याने तुटतात. आत मोकळी जागा असल्याने रक्त जमत राहतं आणि लक्षणं उशिरा दिसतात. कधी काही आठवड्यांनी माणूस गप्प गप्प होतो, चालताना एका बाजूला जातो, गोंधळतो, आणि घरच्यांना वाटतं वय झालं. कवटी आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साकळतं त्यात उलट प्रकार होतो. माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो, आणि मग तासा-दोन तासांत झपाट्याने उतरतो. हे वेळेत ओळखून ऑपरेशन झालं तर पेशंट बहुतेक वेळा उत्तम बरा होतो, म्हणूनच ते हुकलं की जास्त हळहळ वाटते.

आवरणाखालच्या मोठ्या रक्तगाठीबद्दल १९८१ चा एक जुना अभ्यास आहे, ८२ बेशुद्ध रुग्णांचा. चार तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू ३० टक्के, त्यानंतर झालेल्यांत ९०. पुढच्या सगळ्या अभ्यासांत एवढा मोठा फरक आलेला नाही, पण तेव्हापासून वेळेचा धाक सगळ्यांच्या मनात बसला तो बरंच झालं.

डोक्याला लागल्यावर घरी सोडलं असेल तरी पहिला दिवस कुणीतरी सोबत हवंच. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय ढिला पडणं, फिट, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. "हृदयाची कुठलीतरी गोळी आहे" एवढ्यावरून उतारा ठरवता येत नाही.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट. आमच्याकडे पेशंट उशिरा येतो, आणि तोवर घरच्यांच्या मनात पहिल्या रात्रीचे आकडे घट्ट बसलेले असतात. त्याबद्दल थोडं.

वाचेल का हे पहिल्या काही तासांवर बरंच अवलंबून असतं. बरा किती होईल हे मात्र हळूहळू उलगडतं. आमच्या दृष्टीने एक मोलाची गोष्ट म्हणजे विस्मरणाचा काळ. पेशंट डोळे उघडतो, बोलतो, पण आज कोणता दिवस, मी कुठे आहे, सकाळी कोण भेटून गेलं, यातलं काही टिकत नाही. हा काळ जितका लांबतो तितकी पुढची वाट अवघड. एका दिवसाच्या आत संपला तर चांगलं, कित्येक आठवडे चालला तर बोलणं, आठवण, स्वभाव यावर खूप काम करावं लागतं. घरच्यांनी रोज वहीत लिहून ठेवलं, की आज त्याला काल कोण आलं होतं ते आठवलं का, तर आम्हाला फार मदत होते.

आणि धीर देणारी गोष्ट. अमेरिकेतला मोठा अभ्यास २०२१ मध्ये आला. गंभीर दुखापतीनंतर दोन आठवड्यांनी जे रुग्ण भानावरच नव्हते, डोळे उघडे पण कसलीच जाणीव नाही, त्यांच्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांना वर्षभरात भान आलं. ज्यांची माहिती मिळाली त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याला स्थळ-काळाची ओळखही परत आली. दोन आठवड्यांवरून आयुष्याचा निकाल लावू नये, यासाठी मला एवढं पुरेसं आहे. मात्र भान येणं आणि पहिल्यासारखं होणं यांत मोठं अंतर असतं, तेही घरच्यांना आधीच सांगते.

माघ

पाऊलवाट यांचं शेवटचं वाक्य आम्ही जगतोय. नवऱ्याला अपघात झाला तेव्हा सगळे म्हणाले, वाचला हेच खूप. आणि ते खरंच होतं. पण तो आता लवकर चिडतो, दोन कामं एकदम सांगितली की गोंधळतो, दुपारी अक्षरशः गळून जातो. बाहेरून काहीच दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं हा आळस करतो. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात हे सांगितलं असतं तर मी वर्षभर त्याच्याशी भांडले नसते. डिस्चार्ज देताना जखमेची काळजी आणि गोळ्यांच्या वेळा सांगतात, स्वभावाबद्दल कुणी बोलत नाही.

रातपाळी

माघ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. 'बरा झाला' हे मोजायची एक पट्टी आहे, १९७५ पासूनची, पाच पायऱ्यांची: मृत्यू, भान नसलेली अवस्था, परावलंबी, स्वावलंबी पण उणीव असलेला, आणि चांगला बरा. पुढे तिच्या आठ पायऱ्या केल्या. तुमच्या नवऱ्यासारख्याला या पट्टीवर बरे गुण मिळतात, पण घरात रोज काय चाललंय ते त्यात येत नाही. एक सुचवते. थकवा आणि निरुत्साह फार असेल तर हार्मोन्सच्या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. जबर मारानंतर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काही जणांत मंदावते आणि ते वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. सापडलं तर त्यावर उपचार आहे.

हिरकणी

आम्ही नातेवाईक आत जाऊन काही करू शकतो का? की नुसतं बाहेर बसायचं?

रातपाळी

करू शकता. आत गेलात की मान सरळ आहे का पाहा. डोक्याकडची बाजू साधारण तीस अंश वर असते. मान एका बाजूला कलली, किंवा नळी बांधायची पट्टी, कॉलर मानेभोवती घट्ट बसली, तर डोक्यातून खाली येणारं रक्त अडतं आणि दाब चढतो. दिसलं तर सिस्टरना सांगा, त्या रागावणार नाहीत. ताप आहे का विचारा, कारण तापाने मेंदूची ऑक्सिजनची भूक वाढते आणि तो उतरवणं हे उपचारातच येतं. साखर, सोडियम आज किती आहे, फिट आली होती का, हेही विचारा. फिट टाळायचं औषध बहुधा पहिला आठवडा देतात. ते त्या आठवड्यातल्या फिट थांबवतं, पुढे कायमच्या थांबवत नाही, म्हणून बंद केलं तर घाबरू नका.

आणि बोला त्याच्याशी. नाव घेऊन, सावकाश, एका वेळी एकानेच. त्याचा चष्मा, ऐकायचं यंत्र असेल तर आणून द्या. शुद्धीवर येत असताना ते नसेल तर स्कोअर उगाच कमी भरतो.

भूमी

ताई, आज डॉक्टरांनी बोलावलं होतं. हालचालीचे गुण आले तेव्हा ४ होते, बाहुल्या दोन्ही चालू होत्या. पण आता आतला दाब उतरत नाहीये, कवटीचं हाड काढायचं ऑपरेशन सुचवलंय. आई हो म्हणते, वहिनीला वाटतं की त्याचे हाल नकोत. काय विचारू?

रातपाळी

भूमी, हो किंवा नाही मी सांगू शकत नाही, पण काय माहीत आहे ते सांगते. हाड काढल्याने सुजलेल्या मेंदूला जागा मिळते, दाब उतरतो. औषधांना दाद न देणाऱ्या दाबासाठी हे ऑपरेशन करून पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांत मृत्यू सुमारे २७ टक्के, फक्त औषधांवर असलेल्यांत ४९. फरक मोठा आहे. पण भान नसलेल्या अवस्थेत राहणारेही वाढले, एकूण रुग्णांपैकी सुमारे साडेआठ टक्के, औषधांच्या गटात ते दोनच्या आसपास होते. वर्षाच्या शेवटी घरात तरी स्वतःचं स्वतः पाहू शकणारे, किंवा त्याहून बरे, ऑपरेशनच्या गटात ४५ टक्के आणि दुसऱ्या गटात ३२. म्हणजे आईचं आणि वहिनीचं, दोघींचंही म्हणणं या आकड्यांत आहे.

डॉक्टरांना विचारा: दाब नेमका किती आहे आणि किती तास चढलेला आहे? औषधांच्या कुठल्या पायऱ्या करून झाल्या? नव्या सीटीत मेंदूचा देठ कसा दिसतो? तुमच्या मते सहा महिन्यांनी तो कुठल्या अवस्थेत असण्याची शक्यता जास्त? आणि घरात एकमेकींना विचारा, की त्याला स्वतःला काय चाललं असतं. चाकाच्या खुर्चीत, पण तुम्हाला ओळखणारा, असं आयुष्य त्याने स्वीकारलं असतं का? हे वहिनीला सगळ्यात जास्त माहीत असेल, तिला आधी बोलू द्या.

ऑपरेशन झालं तर त्या बाजूला हाड नसतं, तिथे दाब येऊ द्यायचा नाही. सूज उतरल्यावर काही काळाने ते हाड किंवा कृत्रिम तुकडा परत बसवतात.

भूमी

वहिनीला आत्ता हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला माणसं ओळखता आली तर तो जगेल, एवढं तिला नक्की माहीत आहे. प्रश्न कागदावर उतरवून आम्ही तिघी मिळून डॉक्टरांकडे चाललोय.

सारथी

जाऊन या. भावाच्या दोन्ही बाहुल्या चालू होत्या हे त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.